ग्वाल्हेरात डिझेल पोलो जीटी विकायची असेल तर

ग्वाल्हेरात जुनं डिझेल विकायला काढलं की पहिल्या दोन-तीन फोनांतच एक वाक्य ठरलेलं: "भैया, दिल्ली की गाड़ी तो इससे सस्ती मिल रही है." आणि ते खोटं नसतं. २०१५ साली हरित लवादाने दिल्ली-एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात, दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली, आणि तिथली नऊ-साडेनऊ वर्षांची डिझेलं एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, घेऊन आग्रा-मुरैनामार्गे आपल्याकडे उतरू लागली. पुढे या नियमाची न्यायालयात बरीच ओढाताण झाली, पण दलालांची साखळी एकदा बसली ती बसली. तेव्हा नीट राखलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआयची, म्हणजे पोलोच्या जास्त ताकदीच्या टर्बो डिझेलची, खरी गाठ त्या डीएल आणि एचआर (दिल्ली-हरियाणा) नंबरांशी आहे. त्यांच्या भावाला उतरून काही साधत नाही. आपल्याकडे जे आहे ते दाखवायचं: कागद आणि थंड इंजिन.

दिल्लीच्या गाडीचा भाव ऐकवणाऱ्या माणसाने पूर्ण बेरीज केलेली नसते. ती आपण करून द्यावी. गाडीच्या किमतीवर मध्य प्रदेशातला रोड टॅक्स, एनओसी, ग्वाल्हेरचा नवा एमपी-०७ नंबर, एजंटाचे पैसे आणि मधले काही आठवडे कागद अडकून पडणं, हे सगळं चढतं. कागदावर लिहून समोर ठेवलं की अर्ध्या लोकांचा सूर बदलतो. उरलेल्यांना जाऊ द्यावं, ते आपलं गिऱ्हाईक नव्हेच.

दुसरी अडचण अस्सल ग्वाल्हेरची: मेळा. दर हिवाळ्यात भरणाऱ्या व्यापार मेळ्यात नवी गाडी घेऊन इथल्या आरटीओत नोंदवली की रोड टॅक्समध्ये पन्नास टक्के सूट, हे गेली काही वर्षं चालू आहे. इंदूर-भोपाळचे लोकसुद्धा त्यासाठी इथे येतात. सूट दर वर्षी सरकारने जाहीर करावी लागते, पण डिसेंबर उजाडला की बाजार त्याच आशेवर थांबतो. मेळ्याच्या दिवसांत नव्या गाड्यांच्या बदल्यात आलेल्या जुन्या गाड्यांनी डीलरांची आवारं भरतात आणि भाव पडतो. म्हणून माझं मत सरळ आहे: दसरा ते दिवाळीत विका, नाहीतर होळी उलटल्यावर. मेळ्यात नवी गाडी घ्यायचीच असेल तर जुनी त्याआधीच मोकळी करा.

आता गाडी. जाहिरातीत 'पोलो डिझेल' एवढंच लिहिलं तर तुम्हाला १.२ लिटरच्या तीन सिलिंडरवाल्या पोलोचा भाव ऐकवला जाईल. जीटी टीडीआय २०१३ मध्ये आली ती १.६ लिटरची, १०५ पीएस ताकद आणि २५० एनएम ओढ (टॉर्क). २०१४ पासून १.५ लिटर, ताकद तीच. पुढे ती ११० पीएस झाली, आणि बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आल्यावर, म्हणजे एप्रिल २०२०पासून, पोलोतलं डिझेलच बंद झालं. आरसीवर १४९८ सीसी दिसतं म्हणून गाडी जीटी ठरत नाही. ९० पीएसची हायलाइन, म्हणजे साध्या पोलोचं वरचं मॉडेल, तीही १४९८ सीसीचीच होती, आणि मागे जीटीचा बिल्ला चिकटवलेल्या हायलाइन बाजारात फिरतात. आरसीतलं मॉडेलचं नाव आणि मूळ बिल यांचा फोटो जाहिरातीतच टाका, नंबर झाकून. आणखी एक प्रश्न जाणकार हमखास विचारतो. प्रदूषण चाचणीत फसवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणानंतर फोक्सवॅगनने डिसेंबर २०१५ मध्ये ईए-१८९ या डिझेल इंजिनांच्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या भारतात परत बोलावल्या होत्या, १.५ आणि १.६ दोन्ही त्यात आल्या. तुमची गाडी त्या काळातली असेल तर ते सॉफ्टवेअरचं काम झालं की नाही, हे सर्व्हिस सेंटरमधून चॅसी नंबरवर विचारून ठेवा.

या गाडीत पैशाचा सगळा खेळ टायमिंग बेल्टवर, म्हणजे पिस्टन आणि वाल्वांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर आहे. बेल्ट तुटला तर पिस्टन वाल्वांवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. त्या खर्चात मग गाडी विकण्यासारखी राहत नाही. म्हणून 'बेल्ट बदललाय' या तोंडी शब्दाला किंमत नाही. बिल हवं, त्यावर किलोमीटर हवेत, आणि बिलात नुसता बेल्ट नको. टेन्शनर, आयडलर पुली आणि वॉटर पंप असा पूर्ण संच हवा. या इंजिनात वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. जुना पंप ठेवून नवा बेल्ट टाकला आणि वर्षभरात पंपाचं बेअरिंग बसलं, तर नवा बेल्टही त्याच्याबरोबर गेला. मॅन्युअलमधलं अंतर जवळ आलं असेल, किंवा किलोमीटर कमी पण बेल्ट सात-आठ वर्षांचा असेल, तर दोन वाटा आहेत. काम करून घ्या, नाहीतर वर्कशॉपचं लेखी एस्टिमेट घेऊन तेवढीच रक्कम उघडपणे कमी करा. दुसरी वाट बहुधा बरी पडते, कारण गिऱ्हाइकाला काम आपल्या मिस्त्रीकडून करून घ्यायला आवडतं. याच वेळी कूलंटकडे बघा. कंपनीचं कूलंट गुलाबी-जांभळं असतं. टाकीत हिरवं किंवा गढूळ तपकिरी पाणी दिसलं की जाणकार बॉनेट बंद करून चहा न घेताच निघतो.

थंड इंजिन दाखवणं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर. गिऱ्हाइकाला सकाळी साडेसातला बोलवा आणि तो येईपर्यंत किल्लीला हात लावू नका. त्याला आधी बॉनेटवर तळवा ठेवू द्या. गरम करून ठेवलेली गाडी हा जुन्या बाजारातला सगळ्यात जुना डाव आहे, आणि तुम्ही तो खेळत नाही हे त्याला हाताने कळू दे. मग चावी फिरवून थांबा: मीटरमध्ये गुंडाळीच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, ग्लो प्लग (थंड डिझेल पेटावं म्हणून आत तापणाऱ्या कांड्या) तापले की विझतो. मग सेल्फ मारा. निरोगी टीडीआय लगेच धरते. जानेवारीत पारा पाच अंशांपर्यंत उतरलेला असताना पहिले काही क्षण खडखड जास्त येईल, पांढुरका धूर थोडा येऊन विरेल, ते चालतं. मिनिटभर इंजिन हलत राहिलं आणि पांढरा धूर सुटेना, तर चारांपैकी एखादा ग्लो प्लग गेलेला असतो. मल्टिमीटर लावला की चांगला प्लग एखाद्या ओहमच्या आतबाहेर दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. बदलायचा तर इंजिन गरम असताना हळूहळू सोडवावा; गंजलेला प्लग थंड हेडमध्ये जोर लावून फिरवला तर आतच तुटतो आणि हजाराचं काम कुठल्या कुठे जातं. मे महिन्यात ४५ अंशांत हा दोष लपून राहतो. तो लपला म्हणून खूश होऊ नका, स्कॅनर लावला की बाहेर येतोच.

धुराच्या रंगावरून बोलणी फिरतात, म्हणून आपल्याला आधी ठाऊक असावं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, टर्बोचं सील किंवा रिंगा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, आणि इथे घाबरून टर्बोचा खर्च डोक्यात घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इंटरकूलरचे, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे, रबरी पाइप कडक होऊन तडकतात. लक्षण ठरलेलं: पाय दाबला की सूं आवाज, पिकअप मेलेला, मागे काळा लोट. पाइप आणि क्लॅम्प बदलले की गाडी पुन्हा तीच. पाइपच्या आत तेलाचा हलका हात असतोच, तो दोष नाही. पाइप धड असून काळा धूर राहिला तर ईजीआर वाल्व, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा वाल्व, काजळीने भरलेला असतो. तो उतरवून साफ करून घ्या. फक्त शहरात, तिसऱ्या गिअरच्या वर न गेलेल्या गाडीत टर्बोच्या आतल्या हलत्या पात्याही काजळीने अडकतात आणि गाडी मध्येच लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे बचावासाठी स्वतःच ताकद कमी करते. जीटी घेऊन महाराज बाड्याच्या बाजारगर्दीतच फिरवली की हे व्हायचंच.

विकण्याआधी काय करावं आणि काय सोडावं, याचा माझा हिशेब असा. आवाज करणारं पण स्वस्त ते सगळं करून टाका. पुढची खटखट बहुधा लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश नाहीतर स्ट्रट माउंटची असते; ती टेस्ट ड्राइव्हच्या पहिल्या स्पीड ब्रेकरला तुमची किंमत पाडते. बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत १४च्या जवळ दाखवते का, पाहा. एसी दुपारी दोनला तपासा, सकाळी कुठलाही एसी गार असतो. आणि महाग ते सोडा. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दुहेरी चाक) आणि क्लचचा खर्च विक्रीत भरून येत नाही. आयडलिंगला खडखड आणि इंजिन बंद करताना ठक असा झटका येत असेल, तर एस्टिमेट काढून आधीच सांगा. लपवलेलं फ्लायव्हील गिऱ्हाइकाचा मिस्त्री एका मिनिटात ओळखतो, आणि मग तुमच्या खऱ्या बिलांवरचाही विश्वास उडतो. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचून ठेवा: ३५२१ म्हणजे २०२१चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांच्या टायरचे पैसे कोणी देत नाही. इंजिन मात्र प्रेशरने धुऊन घेऊ नका. कनेक्टरमध्ये पाणी शिरतं, आणि चकचकीत इंजिन पाहून माणूस तेलाची गळती शोधायला वाकतो.

रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून घेणं, केली असेल तर? जीटीवाल्यांपैकी पुष्कळांनी केलेली असते. मूळ मॅप परत टाका, आणि केली होती हे सांगा. क्लच घसरतो का, ते चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जोर देऊन पाहा: इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, वेग वाढत नाही, तर घसरतोय. मोठी अलॉय, मोकळा एअर फिल्टर, बदललेला एक्झॉस्ट काढून मूळ सामान बसवा आणि ते सुटं विका. गाडीसोबत त्याचा एक रुपया मिळत नाही, सुटं विकलं तर बरे पैसे येतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीशी न जुळणारे बदल चालत नाहीत.

स्वतःच स्कॅन करून रिपोर्ट छापून ठेवा. फोक्सवॅगनचा स्कॅनर साठलेल्या फॉल्टसोबत तो कधी, किती किलोमीटरला आला हेही दाखवतो. मीटर मागे फिरवलेल्या दिल्लीच्या गाड्या इथेच पकडल्या जातात, आणि तुमची इथेच वर चढते. रंगाच्या जाडीचंही तसंच: कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एखादा दरवाजा ३०० दाखवत असेल तर तो रंगवलेला आहे. कशामुळे ते सांगा, बिल असेल तर दाखवा.

टेस्ट ड्राइव्हला निघताना लायसन्सचा फोटो घ्या, विमा चालू आहे ना पाहा, आणि पहिली दहा मिनिटं तुम्हीच चालवा, इंजिन गरम होईपर्यंत. झाशी रोडला हायवेवर नेऊन तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० फेऱ्यांवरून सरळ दाब द्या. या गाडीचं जे काही आहे ते या एका ओढीत आहे. ओढीत मध्ये कुठे खंड पडायला नको.

पैशात एक सावधगिरी. मुरार छावणी आणि महाराजपूरचं हवाई दल असल्यामुळे फौजी गिऱ्हाईक इथे खरोखर येतात, आणि त्याचाच आडोसा घेऊन ठगही. गाडी न बघता आगाऊ रक्कम देतो आणि क्यूआर स्कॅन करायला सांगतो, तो फौजी नव्हे. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही लागत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तेव्हा आरटीजीएस.

कागदात फॉर्म २९ (विक्री कळवण्याचा) दोन प्रतींत, फॉर्म ३० (नाव बदलण्याचा), कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा). हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची बँकेच्या तारणाची नोंद, आधीच उतरवा. आरसीवर बँकेचं नाव असलं की गिऱ्हाईक भावात कापतो. वाहन पोर्टलवर आपला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का आणि एखादं ई-चालान थकलंय का, हे जाहिरात देण्यापूर्वी पाहा. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. झाशी, आग्रा किंवा धौलपूरचा माणूस असेल तर फॉर्म २८ची एनओसी लागेल. भरतपूर मात्र एनसीआरमध्ये मोडतं. तिथल्या गिऱ्हाइकाने आपल्या आरटीओत नोंदणी होईल का ते विचारल्याशिवाय बयाणा घेऊ नका. डीलरला देत असाल तर तो अधिकृत नोंदणीचा आहे का पाहा आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचा फॉर्म २९सी भरून घ्या. सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळं होण्याची पद्धत सोडा. नोंदणीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मध्ये गाडी कितीही हात फिरलेली असो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. चावी देताना तारखेबरोबर वेळही लिहा, चॅसी नंबर आणि किलोमीटरही, आणि दोघांच्या सह्या.

नाव बदललं की विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या. बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. पन्नास टक्क्यांपर्यंत जातो आणि पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत लावता येतो. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नव्या मालकाच्या मुरैना टोलचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील.