उपास नाही, मग आगमनकाळात शुद्धी कसली?

आगमनकाळ (नाताळच्या आधीचा, चार रविवारांचा तयारीचा काळ) लागला की हा प्रश्न येतोच: धर्मगुरूंची वस्त्रं ईस्टरआधीच्या उपवासकाळासारखीच जांभळी, पण त्या काळाची सुरुवात करणारा राखेचा बुधवार इथे नाही, उपासाची सक्ती नाही. मग नाताळच्या आधी शुद्धी करायची म्हणजे नेमकं करायचं काय? तुम्ही विचारलंत म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

उपास एकेकाळी होता. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्याला तीन दिवस उपास सांगितला होता. केरळातले सिरो-मलबार ख्रिस्ती आजही १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचं व्रत पाळतात. लॅटिन विधीत, म्हणजे रोमन कॅथलिक उपासनापद्धतीत, सक्ती उरली नाही, तरी एक खूण पाहा. रविवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गळतं, पण ‘आलेलुया’ हे आनंदाचं गान राहतं. उपवासकाळात तेही नसतं. इथे पश्चात्ताप आहे, पण येणारा येणार हे धरून केलेला.

२३ डिसेंबरच्या मिस्सेत मलाखी संदेष्ट्याचं वाचन असतं. येणारा प्रभू धातू गाळणाऱ्याच्या अग्नीसारखा आणि परिटाच्या खारासारखा असेल, असं तो म्हणतो. ऐकायला हे भीतीदायक आहे. पण जुन्या काळी चांदी कशी शुद्ध करत ते बघा. तिच्यात शिसं घालून सच्छिद्र मुशीत तापवायची, वरून हवा फुंकायची. शिशाचं भस्म होतं, ते हिणकस धातूंना सोबत घेऊन मुशीत मुरतं आणि चांदी तशीच उरते. आच कमी पडली तर भस्म मध्येच गोठतं आणि सगळा खटाटोप फुकट. म्हणून कारागीर भट्टीपाशी बसून राहतो. मलाखीच्या वचनातही तो बसलेलाच आहे. परीटही कापड आपटतो ते पुन्हा अंगावर घालायचं असतं म्हणूनच.

आता प्रत्यक्ष काम. रोज रात्री पंधरा मिनिटं पुरेत. आधी दिवसाबद्दल आभार, मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागणं, मग सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवणं, चुकलं त्याची क्षमा, शेवटी उद्यासाठी एक गोष्ट. बहुतेकजण आभार गाळून थेट पापांच्या यादीवर येतात. मग आठवड्याभरात ही प्रार्थना कोर्टातल्या तारखेसारखी नकोशी होते आणि सुटते.

प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करायला, जाताना दुसरी चूक होते. ‘मी रागीट आहे’ हा स्वभाव झाला, पाप नव्हे. कोणावर, काय बोललात, किती वेळा, ते सांगा. गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगावी असा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. सुनेची किंवा शेजाऱ्याची पापं सांगू नका, ती त्यांची त्यांनी सांगायची. ‘यापुढे कधीच चिडणार नाही’ हा निश्चय सकाळच्या चहापर्यंतही टिकत नाही; ‘जेवताना मोबाइल दुसऱ्या खोलीत’ हा टिकतो. आणि बांध सरकवून हातभर जमीन घेतली असेल, तर ती परत करावी लागते, नुसती ‘प्रणाम मारिया’ ही प्रार्थना म्हणून भागत नाही.

काहींचं उलटंच असतं. क्षमा झालेली जुनी पापं ते दर वर्षी पुन्हा उकरतात. याला शुद्धी म्हणू नये, हा आशेचा अभाव आहे. अशांनी एकच धर्मगुरू धरावा आणि त्यांनी ‘पुरे’ म्हटलं की पुरे मानावं.

संस्कार शक्यतो दुसऱ्या आठवड्यातच उरका. हा काळ २२ ते २८ दिवसांचा असतो. २०२२मध्ये पूर्ण २८ मिळाले. २०२३मध्ये चौथा रविवारच २४ डिसेंबरला आला, म्हणजे सकाळी हिरव्या फांद्यांच्या कड्यावरची (दर रविवारी एक लावतात ती) चौथी मेणबत्ती आणि रात्री नाताळची मिस्सा. शेवटच्या आठवड्यातल्या लांब रांगेत कोणालाच नीट बोलता येत नाही.

मेणबत्त्यांचा क्रम जांभळी, जांभळी, गुलाबी, जांभळी. गुलाबी तिसऱ्या, आनंदाच्या रविवारची. कड्याला सुरूच्या फांद्या लावत असाल तर दर रविवारी बदला. चौथ्या आठवड्यापर्यंत त्या वाळून चटकन पेट घेतात.

१७ ते २३ डिसेंबर सायंप्रार्थनेत रोज येशूला एका नव्या नावाने हाक मारतात. त्या सात लॅटिन नावांची आद्याक्षरं शेवटून वाचली की ‘एरो क्रास’ होतं, म्हणजे ‘उद्या मी येईन’. जमल्यास घरी संध्याकाळी एकेक नाव घेऊन तेवढीच हाक मारा.

येशूजन्माच्या देखाव्यात, म्हणजे गोठ्यात, ठेवायच्या छोट्या शेतासाठी नाचणी रात्रभर भिजवून साधारण १४-१५ तारखेला पेरा. हौसेने १ तारखेलाच पेरली तर नाताळपर्यंत रोपं उंच, पिवळी होऊन आडवी पडतात.