अकरा मिनिटांचा लेआउट

आमच्या सांगलीच्या ऑफिसात एका साखर कारखान्याच्या प्लॉट लेआउटची, म्हणजे आवाराच्या नकाशाची, फाइल आहे, ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधली. तिच्यावर डबल क्लिक केलं की मी चहा ठेवायला उठायचे. चहा गाळून, कप विसळून परत आले तरी स्क्रीनवर ते निळं चक्र गरगरतंच. अकरा मिनिटं, घड्याळ लावून मोजलेली. फाइल ८६ एमबीची.

मूळ ड्रॉइंग अण्णांचं, २००१ सालचं. अण्णा म्हणजे आमचे जुने ड्राफ्ट्समन, आता रिटायर होऊन मिरजेला असतात. तेव्हा कारखाना दिवसाला २५०० टन गाळपाचा होता. पुढे ५००० टनांचं विस्तारीकरण झालं, को-जन म्हणजे वीजनिर्मिती आली, डिस्टिलरी आली. दर वेळी नव्या पोराने जुनी फाइल उघडायची, 'सेव्ह ॲज' मारायचं आणि पुढचं काढायला घ्यायचं. साहेबांच्या मते दोष कॉम्प्युटरचा, म्हणून रॅम १६ ची ३२ केली. वेळ झाला दहा मिनिटं पन्नास सेकंद.

गेल्या महिन्यात केर काढताना मावशींच्या झाडूत अडकून माझी लॅनची वायर निघाली. फाइल मी डेस्कटॉपवर कॉपी करून घेतली होती, त्यामुळे वायर तशीच राहू दिली आणि फाइल उघडायला लावली. चार मिनिटांत उघडली! वायर लावून पुन्हा बघितलं, तर परत अकरा.

मग एक्सरेफची, म्हणजे या ड्रॉइंगला संदर्भ म्हणून जोडलेल्या बाहेरच्या फाइलींची, यादी काढली. सात संदर्भ अशा सर्व्हरचे पत्ते घेऊन बसलेले, जो आम्ही कधीच भंगारात घातलाय. पेज सेटअपमध्ये ए-झीरोचा जुना प्लॉटर, म्हणजे मोठे नकाशे छापायचं यंत्र, तोही भंगारातच. नेटवर्क चालू असलं की ऑटोकॅड या प्रत्येकाच्या दारात जाऊन कडी वाजवणार आणि उत्तराची वाट बघत उभं राहणार. नेटवर्कच नसेल तर लगेच मागे फिरतं. संदर्भ डिटॅच केले, प्लॉटरच्या जागी 'नन' टाकलं, आणि सात मिनिटं तिथेच सुटली.

उरलेल्या चार मिनिटांसाठी फाइल नोटपॅडमध्ये उघडली. सगळी गिचमीड दिसते, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात: एसी१०१५. म्हणजे ऑटोकॅड २००० चा फॉरमॅट. एका कन्सल्टंटकडे जुनं सॉफ्टवेअर होतं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं त्यातच सेव्ह करत राहिलो. त्या फॉरमॅटमध्ये डेटा दाबून बसवलेला नसतो, ती सोय २००४ पासूनची.

पर्ज, म्हणजे फाइलमधल्या न वापरलेल्या गोष्टी झाडून काढायची कमांड, तर सगळेच मारतात. आमच्याकडेही दर पोराने मारलेला. पण नेहमीच्या खिडकीतल्या पर्जने रेगॲप्स जातीलच असं नाही. त्यासाठी पर्जच्या आधी उणे चिन्ह टाकून कमांड द्यायची आणि आर निवडायचा. हजारो नावं निघाली. कुठल्या कुठल्या ॲड-ऑन प्रोग्रॅमनी फाइलवर उमटवून ठेवलेले शिक्के, एका फाइलमधून दुसरीत पेस्ट होत आलेले. मग त्याच कमांडमध्ये 'ऑर्फन्ड डेटा'. कुणीतरी कालव्याचा सर्व्हे मायक्रोस्टेशन या दुसऱ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या फाइलमधून आणून चिकटवला होता. कालवा नंतर पुसला, पण त्याच्या लाइनटाइपचा, म्हणजे रेघांच्या नमुन्यांचा, कचरा तसाच. डोळ्यांना काही दिसत नाही आणि फाइल मात्र फुगलेली. शेवटी ऑडिट, म्हणजे फाइलमधल्या चुका शोधून दुरुस्त करणं, आणि सेव्ह २०१८ च्या फॉरमॅटमध्ये. हे सगळं अर्थातच कॉपीवर, मूळ फाइलला हात न लावता.

ओव्हरकिल, म्हणजे एकावर एक पडलेल्या रेघा काढून टाकणारी कमांड, मात्र मी सगळ्यावर चालवली नाही. सर्व्हेच्या कंटूरवर, म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या रेघांवर, ती डोळे झाकून चालवणं मला पटत नाही, लेव्हल हलल्या तर जबाबदार कोण? आणि ज्याने ऊस-यार्डाचा हॅच, म्हणजे रेघांचा एकसंध भराव, एक्सप्लोड करून त्याच्या सुट्ट्या रेघा केल्या, तो समोर आला तर त्याला एकेक रेघ हाताने पुसायला लावीन. तो हॅच मी नव्याने भरला.

आता फाइल ९ एमबी, उघडायला पंचवीस सेकंद.

एवढं करूनही झूम एक्स्टेंट्स मारलं, म्हणजे अख्खं ड्रॉइंग एकदम स्क्रीनवर आणलं, की आख्खा कारखाना मुंगीएवढा दिसायचा. म्हणजे लांब कुठेतरी काहीतरी पडलेलं असणार. शोधलं तर दोनेक किलोमीटरवर एकटाच एक जिना. घराचा, चौदा पायऱ्या, वळणावर खिडकी, अण्णांच्या लेयरवर. पुसण्याआधी डब्ल्यूब्लॉक कमांडने वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवला आणि अण्णांना फोन लावला.

"अण्णा, तुमचा जिना सापडला."

"कुठला गं? तो होय! अगं, हिला पटला नाही तो. बाहेरूनच काढला शेवटी. पूस तू."