होकार देणारा माणूस

निर्माता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घर गहाण टाकून चित्रपट काढणारा माणूस उभा राहतो. हॉलिवूडच्या स्टुडिओचा निर्मितीप्रमुख मात्र पगारी अधिकारी असतो. होकार किंवा नकार एवढेच त्याच्या हाती असते आणि पैसा बुडाला की खुर्ची जाते. या खुर्चीवर बसून गेलेल्यांपैकी मला विशेष आदर वाटतो तो अ‍ॅलन लॅड ज्युनियर (१९३७–२०२२) यांच्याविषयी.

वडील अ‍ॅलन लॅड नामवंत नट होते. मुलाने कलावंतांचा एजंट म्हणून सुरुवात केली, काही काळ लंडनमध्ये चित्रपट काढले आणि १९७३ मध्ये फॉक्स या स्टुडिओत पाऊल ठेवले. दिग्दर्शक मेल ब्रूक्स यांना आपला ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ हा चित्रपट कृष्णधवलच हवा होता. कोलंबिया स्टुडिओला ते पटेना, तेव्हा ब्रूक्स लॅड यांच्याकडे आले आणि त्यांना हवे तसे करू देण्यात आले.

‘स्टार वॉर्स’ची कथाही युनिव्हर्सल आणि युनायटेड आर्टिस्ट्स यांनी नाकारलेलीच होती. कागदावर ती कोणालाही धड समजण्यासारखी नव्हती, हे मान्य करायला हवे. पण जॉर्ज लुकास यांचा आधीचा चित्रपट पाहिलेल्या लॅड यांनी कथेपेक्षा माणसावर भिस्त ठेवली आणि संचालक मंडळ साशंक असतानाही ते मागे हटले नाहीत. २५ मे १९७७ रोजी हा चित्रपट जेमतेम ३२ चित्रपटगृहांत लागला. (पुढील भागांचे आणि खेळण्यांसारख्या वस्तूंचे हक्क फॉक्सने किती सहज सोडले, हे आठवून तिथल्या हिशेबनिसांची झोप नक्कीच उडाली असेल.) ‘एलियन’ या चित्रपटातील मुख्य पात्र रिप्ली ही स्त्री असावी, ही सूचनाही लॅड यांचीच.

१९७९ मध्ये त्यांनी स्वतःची लॅड कंपनी काढली. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ला ऑस्कर मिळाले, पण ‘ब्लेड रनर’ आणि ‘द राइट स्टफ’ गल्ल्यावर पडले. ज्या ‘पोलीस अकॅडमी’कडे समीक्षकांनी नाक मुरडले, त्याने मात्र पैसा दिला.

पुढे एमजीएम या स्टुडिओचे प्रमुखपद १९९३ मध्ये सोडताना त्यांना दोन प्रकल्प सोबत नेण्याची मुभा मिळाली. त्यांपैकी एक होता ‘ब्रेव्हहार्ट’. १९९६ च्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळालेल्या तीन निर्मात्यांत त्यांचेही नाव होते.