ओलावा अकरा म्हणजे किती?

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं आणि बीसीसीएच्या (कॉमर्स आणि कॉम्प्युटरची पदवी) पहिल्या वर्षाला बिझनेस इन्फर्मेशन सिस्टीमचा पेपर माझ्याकडे आला. पहिल्या तासाला मी फळ्यावर फक्त ११ लिहिलं, बाकी काही नाही, आणि विचारलं हे काय आहे सांगा. कोणी म्हणे रोल नंबर, कोणी म्हणे क्रिकेटची टीम, एकजण म्हणे आजची तारीख. मग पुढे टक्के लिहिलं, तरी कोणाला काही नाही. मग वर लिहिलं, कापूस. तर मागच्या बाकावरची एक पोट्टी लगेच म्हणाली, "मॅडम, ओलावा हाये तो. आमच्या बाबाचा कापूस अकराच भरला परवा."

मला हेच पाहिजे होतं. आमचं कॉलेज वर्धा जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं, वर्गातली अर्धी पोरं एसटीनं येतात आणि जवळपास सगळ्यांच्या घरी कापूस नाहीतर सोयाबीन आहे. त्यांना ओलावा शिकवावा लागत नाही.

मग आम्ही हिशोब केला. त्या हंगामात म्हणजे २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल होता. हा भाव आठ टक्के ओलाव्यापर्यंत. आठच्या वर जेवढे टक्के तेवढी टक्केवारी भावातून कापतात, आणि बाराच्या वर गेला तर सरकारी खरेदीत घेतच नाहीत. म्हणजे अकरा भरला तर तीन टक्के गेले, क्विंटलमागे २४३ रुपये ३० पैसे, हातात येणार ७८६६ रुपये ७० पैसे. दहा क्विंटलची गाडी असली तर अडीच हजाराच्या आसपास फरक. वर्ग शांत झाला, कारण अडीच हजार म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

तर मी म्हटलं, ११ हा नुसता आकडा, हा डेटा. क्विंटलमागे २४३ कमी मिळणार ही झाली माहिती. आणि आता काय करायचं, विकायचा की परत नेऊन वाळवायचा, हा निर्णय. मग त्या पोरीला विचारलं, बाबांनी काय केलं?

"काय करन मॅडम, टाकला. गाडीभाडं लागलं होतं नं. अन् परत नेला तं खरेदीचा स्लॉट कधी भेटन काय माहीत."

माझा पुढचा सगळा पेपर मी या एका उत्तरावर उभा केला आहे. तिच्या बाबांना माहिती मिळाली, बरोबर मिळाली, मशीननं मोजलेली मिळाली, पण कुठे मिळाली? काट्यापाशी. गाडीभाडं देऊन झाल्यावर. हीच माहिती दोन दिवस आधी घरी मिळाली असती तर दोन दिवस ताडपत्रीवर कापूस पसरवला असता. आकडा तोच, पण घरी त्याला किंमत आहे आणि काट्यापाशी जवळपास शून्य, कारण तिथे निर्णय घ्यायला जागाच उरलेली नाही. पुस्तकात चांगल्या माहितीचे गुण म्हणून यादी असते, अचूक हवी, पूर्ण हवी, वेळेवर हवी, आणि पोरं ती पाठ करून पाच मार्काला लिहून येतात. त्या यादीतलं "वेळेवर" म्हणजे काय ते या पोरांना त्या दिवशी कळलं असं मला वाटते.

मला एक गोष्ट पटत नाही ती सांगते. हा विषय बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या भागांपासून सुरू करतात, कीबोर्ड इनपुट, मॉनिटर आउटपुट, मग सॉफ्टवेअरचे प्रकार, मग नेटवर्क, आणि पोरांच्या डोक्यात बसते की इन्फर्मेशन सिस्टीम म्हणजे ऑफिसातला पीसी. तसं नाही ते. सिस्टीममध्ये माणसं आहेत, काम करायची ठरलेली रीत आहे, नोंदी आहेत आणि मग कॉम्प्युटर आहे, तोही असला तर. आपल्याकडे तर कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी एक भलीमोठी सिस्टीम चालत होती आणि ती प्रत्येकाच्या घरच्या पेटीत पडलेली आहे, सातबारा.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना घरचा सातबारा आणि आठ-अ आणायला लावला. तलाठ्याकडे गावाचे एकवीस नमुने असतात. त्यातला सात नंबरचा म्हणजे जमीन कोणाची, किती, त्यावर कोणाचा बोजा. बारा नंबरचा म्हणजे त्या जमिनीत कोणतं पीक, किती क्षेत्रावर. हे दोन वेगळे नमुने आहेत, एकाच कागदावर एकाखाली एक येतात म्हणून आपण सातबारा म्हणतो, आणि दोघांना जोडणारी गोष्ट एकच, गट नंबर. डेटाबेसमध्ये दोन टेबल जोडणं म्हणतात ते हेच! ई. एफ. कॉड नावाच्या माणसानं १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं, म्हणजे माहिती टेबलात ठेवायची आणि टेबलं एकमेकांशी त्यांतल्या सारख्या नोंदींवरून जोडायची, आणि आज बँकेपासून एसटीच्या आरक्षणापर्यंत जिथे तिथे तीच रीत आहे. पण पोरांना कॉडच्या आधी गट नंबर दाखवला की डोळ्यांत उजेड दिसतो. मग आठ-अ काढायचा. त्यात तीच जमीन, पण मांडणी खातेदाराप्रमाणे, एका खात्यावर कोणकोणते गट आहेत ते. प्रश्न बदलला की मांडणी बदलते. "या गटाचा मालक कोण" याला सात, "या माणसाची जमीन किती" याला आठ-अ. आणि सहा नंबर म्हणजे फेरफार, वारस लागले, खरेदी झाली, वाटणी झाली, प्रत्येक बदलाची क्रमानं नोंद. कोणतंही बँकेचं सॉफ्टवेअर आतून असंच असते, आज किती आहे ते एकीकडे आणि आजपर्यंत काय काय झालं ते दुसरीकडे.

एका पोरानं चांगलं विचारलं, मग मॅडम ई-पीक पाहणी आल्यानं काय बदललं? मी म्हटलं तूच सांग. तो म्हणाला, पीक भरणारा माणूस बदलला. अगदी बरोबर. २०२१ पासून शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाईलवर पीक भरतो, फोटो काढतो आणि जागा जीपीएसवरून येते. टेबल तेच बारा नंबरचं, पण इनपुट करणारा हात वेगळा. आणि सिस्टीममध्ये इनपुट करणारा हात बदलला की जबाबदारी पण बदलते, शिकवायचं कोणाला तेही बदलते. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचं काय, यावर अर्धा तास वाद झाला आणि मी तो थांबवला नाही.

जगातला पहिला धंद्यासाठीचा कॉम्प्युटर कोणी बनवला माहीत आहे का, एका चहावाल्या कंपनीनं. लंडनची लायन्स, तिची चहाची दुकानं होती आणि केक-पावाची बेकरी. त्यांनी स्वतःच मशीन बांधलं, नाव लिओ, आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्यावर बेकरीच्या मालाचा हिशोब सुरू केला. पुढे चहाच्या दुकानांच्या रोजच्या ऑर्डरी पण त्यावर आल्या. त्याची रीत मला फार आवडते. प्रत्येक दुकानाची वारानुसार ठरलेली ऑर्डर मशीनमध्ये आधीच होती, दुकान सांभाळणारी बाई फोन करून फक्त बदल सांगायची, उद्या एवढे पाव जास्त, तेवढे केक कमी. वर्गात एक पोरगी म्हणाली हा तर रतीब झाला मॅडम, दूधवाल्याला रोज कुठे सांगतो एक लिटर म्हणून, पाहुणे आले तरच सांगतो. बरोबर, रतीबच. जे ठरलेलं आहे ते पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, फरक तेवढा वर पाठवायचा. मोठमोठ्या कंपन्यांचे मॅनेजर आज जे अपवादाचे रिपोर्ट पाहतात त्याच्या मुळाशी हेच आहे.

टीपीएस, एमआयएस, डीएसएस (रोजचे व्यवहार नोंदवणारी, मॅनेजरला रिपोर्ट देणारी आणि निर्णयाला मदत करणारी सिस्टीम) ही नावं एका तासात उरकली, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात नेऊन. काट्यावरचा पोरगा प्रत्येक गाडीचं भरतीचं वजन, खाली वजन आणि ओलावा लिहितो, तो झाला व्यवहार. मॅनेजर संध्याकाळी पाहतो की आज कापूस किती आला, गाठी किती निघाल्या, उतारा किती पडला. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई धरली तर १७० किलोची एक गाठ म्हणजे पाच क्विंटल कापूस, उतारा एक टक्का घसरला तरी मॅनेजरची झोप उडते. आणि मालक ठरवतो रुई आता विकायची की थांबायचं. मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या रॉबर्ट अँथनीनं १९६५ ला हे तीन मजले सांगितले, खाली रोजचं काम, मध्ये नियंत्रण, वर धोरण. पोरांनी पिरॅमिड काढला, मार्क मिळतील, पुढे गेलो.

खरी मजा आली असाइनमेंटमध्ये. प्रत्येकानं ओळखीचा एक धंदा घ्यायचा आणि त्यात माहिती कुठून निघते, कुठे जाते, परत येते का ते कागदावर काढायचं. "परत येते का" हे मी मुद्दाम टाकलं होतं, फीडबॅक समजावा म्हणून.

एकानं दूध संकलन केंद्र घेतलं. सकाळी कॅन नेली, मशीननं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढलं, लगेच चिठ्ठी हातात, लिटर, फॅट, दर, रक्कम. त्यानं लिहिलं होतं की फॅट ३.५ च्या खाली आलं की आई त्याच दिवशी ढेप म्हणजे पेंड वाढवते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत चिठ्ठीवर कळते फरक पडला का नाही. मला याच्याहून चांगलं फीडबॅकचं उदाहरण कोणत्याच पुस्तकात सापडलं नाही. आईला एसएनएफ म्हणजे काय ते सांगता येणार नाही पण सिस्टीम तिची आहे, कारण चिठ्ठी तिच्या हातात येते आणि ती वाचून ती काहीतरी करू शकते.

दुसऱ्यानं नातेवाइकाचं कृषी केंद्र घेतलं. २०१८ पासून अनुदानाचं खत विक्री नोंदवायच्या पॉस मशीनवर, बहुतेक आधार आणि अंगठा घेऊन, विकायचं असते, आणि मशीनवर विक्री चढली की मगच कंपनीला अनुदान मिळते. युरियाची ४५ किलोची बॅग शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशाला पडते ती त्यामुळे. आता मृगाचा पाऊस पडला, दुकानासमोर ही गर्दी, नेटवर्क नाही, तर दुकानदार ओळखीच्याला म्हणते बॅग ने, अंगठा मग दे. त्या पोरानं दोन रकाने काढले होते, मशीनमधला साठा आणि गोडाऊनमधला साठा, आणि मशीनमध्ये जास्त. आणि खाली त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलं की वर बसलेल्या माणसाला वाटन इथे खत पडून आहे आणि इथे तर बॅग नाही. अठरा वर्षांचं पोरगं हे लिहिते! चुकीचा आकडा कॉम्प्युटरमध्ये गेला की तो चुकीचा दिसत नाही, उलट जास्तच खरा दिसते, हे मला दोन तास लागले असते शिकवायला.

पण चाळीस कागद तपासताना एक गोष्ट मनात घर करून बसली. बाण बहुतेक वरच जातात. शेतकऱ्यानं आधार दिलं, सातबारा दिला, पीक भरलं, अंगठा दिला, ओलावा मोजून दिला, सगळं वर गेलं. खाली येणारा बाण फार कमी कागदांवर होता. दुधाच्या कागदावर होता म्हणून तो एवढा उठून दिसला. आणि हे आजचं नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा आपला हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात नावानं ओळखला जायचा, आणि इंग्रजांनी त्याच दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी वेगळा कॉटन कमिशनर नेमला. पीक कसं आहे, माल किती निघेल ही खबर तेव्हाही इथून वर आणि समुद्रापार जातच होती. पोरांना हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, म्हणजे मॅडम आपण दीडशे वर्षांपासून इनपुटच देऊन राहिलो काय. मी त्याला उत्तर दिलं नाही, म्हटलं हाच प्रश्न प्रोजेक्टमध्ये लिही.

त्या ओलाव्यावाल्या पोरीचा कागद सगळ्यात शेवटी आला, दोन दिवस उशिरा. तिनं धंदा घेतलाच नाही, स्वतःची गल्ली घेतली. गावात खेडा खरेदीवाला व्यापारी येते, त्याच्याकडे ओलाव्याचं मीटर आहे, तो तिच्या काकाच्या ओळखीचा. तिनं त्याला सांगून पाच घरचा कापूस गाडी भरायच्या आधी घरीच मोजून घेतला आणि वहीत रकाने पाडले. तारीख, नाव, वेचा कितवा, ओलावा, आणि शेवटचा रकाना, "वाळवला का?" तिच्या स्वतःच्या घरची ओळ अशी, तिसरा वेचा, ओलावा दहा, वाळवला हो, आणि त्याच्या खालच्या ओळीत दोन दिवसांनंतरची तारीख, ओलावा आठ.

नावाच्या आधी तिनं एक छोटा रकाना पाडला होता, त्यात नुसते आकडे, एक ते पाच. मी विचारलं हे काहून? तर म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीत दोन घरच्या माणसांचं नाव सेम टू सेम हाये, आडनाव बी. पहिल्या दिवशी घोटाळा झाला, मंग मी घराले नंबर देऊन टाकले."

प्रायमरी की, म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखू यावी म्हणून दिलेला नंबर, मी अजून शिकवलेली नाही, ती पुढच्या आठवड्यात आहे.