३६०० वरचा कोल्ड बूट: प्रोसओडीटीचा तिढा सुटला

रात्रभर वीज तोडून थंड झालेली आमची मशीन सकाळी रॅमच्या ठरवलेल्या वेगावर सुरू होत नसे, म्हणजे तिचा कोल्ड बूट होत नसे. मागच्या नोंदीत येथेच घोडे पेंड खात होते, तेथून ते अखेर पुढे सरकले आहे. रात्रभर भिंतीवरचा स्विच बंद, खोलीची खिडकी उघडी आणि सकाळी थर्मामीटरवर ११ अंश, अशा अवस्थेत आमची मशीन मेमरी ३६०० व एफसीएलके (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग) १८०० या सेटिंगवर पहिल्याच झटक्यात पोस्ट झाली, म्हणजे सुरुवातीची तपासणी पार करून उठली. त्यानंतरच्या प्रत्येक थंड सकाळीही तिने तेच केले आहे, म्हणूनच हा मजकूर लिहिण्याचे धाडस करतो आहे.

सुटे भाग तेच आहेत: सेकंडहँड रायझन ५ ३६००, चार रॅम स्लॉटचा स्वस्तातला बी४५० बोर्ड, क्रुशल बॅलिस्टिक्सच्या ८ जीबीच्या दोन स्टिक आणि ८ जीबीचे आरएक्स ५८०. एकूण खर्चाची मर्यादा २५,००० रुपये होती व ती अजून ओलांडलेली नाही. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) तेवढा नवा घेतला. जुना एसएमपीएस कितीही स्वस्तात मिळाला तरी तो घेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. तो जाताना एकटा जाईलच असे नाही.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. रात्री टीएम५ या रॅम-चाचणीच्या प्रोग्रामला अँटा७७७ ची कॉन्फिग (तयार सेटिंग) देऊन मशीन चालत ठेवावी, सकाळपर्यंत एकही एरर येऊ नये, दिवसभर खेळ व्यवस्थित चालावेत, रीस्टार्टही बिनतक्रार व्हावा; आणि दुसऱ्या रात्री मेन स्विच बंद करून सकाळी सुरू केले की पंखे पूर्ण वेगाने फिरावेत, बोर्डाच्या कडेचा ‘ड्रॅम’ असे लिहिलेला लाल दिवा लागावा, मशीनने स्वतःच बंद होऊन पुन्हा उठावे, आणि काही वेळा असे झाल्यावर बोर्डाने हार मानून रॅमला तिच्या मूळ जेडेक (प्रमाणित, संथ) वेगावर आणून ठेवावे. बायोसमध्ये जाऊन काहीही न बदलता फक्त सेव्ह केले की तीच मशीन त्याच ३६०० वर निमूट बूट होत असे, कारण तोपर्यंत ती गरम झालेली असे.

या दोषाचा खरा छळ असा की त्याची परीक्षा दिवसातून एकदाच घेता येते. सुरुवातीला मला वाटले होते की संबंध फक्त वीज पूर्ण तोडण्याशी असावा, कारण मेन बंद केल्यावर बोर्डाला मेमरीचे ट्रेनिंग (रॅमशी सिग्नल जुळवून घेणे) अगदी पहिल्यापासून करावे लागते. म्हणून दुपारी केबल काढून, पॉवर बटण दाबून उरलेला चार्ज उतरवून, बऱ्याच वेळाने मशीन सुरू करून पाहिली, आणि ती विनासायास सुरू झाली. म्हणजे वीज तोडणे आणि थंडी या दोन्ही गोष्टी एकत्र लागत होत्या. नाशिकची डिसेंबर-जानेवारीतली पहाट येथे उपयोगी पडली. स्टिक फ्रीजमध्ये ठेवून थंड करण्याची सूचना काहींनी केली होती. परंतु बाहेर काढताच त्यांवर दव धरते व ओल्या स्टिकला वीज देणे म्हणजे असलेली रॅम गमावणे, त्यामुळे तो मार्ग मी पहिल्यापासून बाद ठरवला.

एकेक सकाळ म्हणजे एकेक प्रयोग असे गणित असल्यामुळे प्रत्येक सकाळी एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच यायला हवे, अशी शिस्त ठेवली. पहिला संशय व्होल्टेजवर होता. ड्रॅम (म्हणजे रॅमचे) व्होल्टेज १.३८ वरून १.४२ वर नेले, फरक शून्य. काही महागड्या बोर्डांवर ट्रेनिंगच्या वेळचे ड्रॅम व्होल्टेज वेगळे देता येते, आपल्या बोर्डावर तो पर्यायच नाही. दुसरा संशय टायमिंगवर, म्हणजे रॅमच्या कामांमधल्या थांब्यांवर होता, म्हणून सगळी टायमिंग्ज सैल करून १८-२२-२२-४२ केली. या चिपला त्या वेगावर तेवढे सैल टायमिंग म्हणजे निव्वळ विश्रांती असते, तरीही सकाळी लाल दिवा लागलाच. तेव्हा टायमिंगचा यात हात नाही हे पक्के झाले.

तिसरा प्रयोग मला सर्वांत अधिक शिकवून गेला. मेमरी ३६०० आणि एफसीएलके १६०० असे जाणूनबुजून वेगवेगळे ठेवले, तेव्हा सकाळी बूट झाला नाही; उलट मेमरी ३२०० आणि एफसीएलके १८०० ठेवले, तेव्हा तो सहज झाला. इन्फिनिटी फॅब्रिक यातून निर्दोष सुटले. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए १९ ची (फॅब्रिक डळमळल्यास येणाऱ्या हार्डवेअर-चुकीची) एकही नोंद नव्हती, हेही त्याच्याशी जुळणारे होते. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचे) १.१ आणि व्हीडीडीजी (फॅब्रिकचे व्होल्टेज) ०.९५ वर आहे. व्हीडीडीजी हे एसओसीतूनच उतरवून तयार होते, त्यामुळे दोघांत किमान ४० मिलिव्होल्टचे अंतर हवे, आणि ते येथे भरपूर आहे. तेव्हा या दोन आकड्यांना हात लावण्याचे कारण उरले नाही.

मग उरली ती फक्त प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधली वाट. झेनटायमिंग्ज हा प्रोग्राम उघडून पाहिले, तर बोर्डाने ‘ऑटो’मध्ये प्रोसओडीटी ६० ओमवर ठेवलेला दिसला. ज्यांनी या आकड्याकडे कधी लक्ष दिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रॅमकडून प्रोसेसरकडे येणारा सिग्नल वाटेच्या टोकाशी पोहोचला की त्याला तेथे योग्य तो रोध मिळावा लागतो. तो मिळाला नाही तर रिकाम्या सभागृहात बोललेला शब्द भिंतीवरून परत येऊन पुढच्या शब्दात मिसळावा, तसा सिग्नलचा काही भाग उलटा फिरून मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. प्रोसेसरच्या आतला हा रोध म्हणजे प्रोसओडीटी. रॅमच्या बाजूचे असेच रोध म्हणजे आरटीटी-नॉम, आरटीटी-राइट आणि आरटीटी-पार्क, आणि ते २४० ओमचे भाग म्हणून लिहिले जातात. म्हणून आरझेडक्यू/७ म्हणजे सुमारे ३४ ओम आणि आरझेडक्यू/३ म्हणजे ८० ओम.

एकेरी रँकच्या (चिपचा एकच गट असलेल्या) दोनच स्टिक ए२ आणि बी२ या स्लॉटमध्ये असताना ६० ओम मला जास्त वाटले. प्रथम ४८ करून पाहिले, सकाळी बूट झाला नाही. ४० केल्यावर एक बदल दिसला: लाल दिवा लागला, मशीन एकदा बंद झाली, पण दुसऱ्या खेपेस ३६०० वरच उभी राहिली, जेडेकवर घसरली नाही. गेले कित्येक दिवस ज्या भिंतीवर डोके आपटत होतो, तिला पडलेली ती पहिली भेग होती, आणि त्या सकाळी ऑफिसला जाताना मला झालेला आनंद शब्दांत सांगण्यासारखा नाही. ३६.९ वर मात्र पुन्हा पहिल्यासारखेच झाले, म्हणजे योग्य जागा ४० च्या आसपासच होती.

उरलेली कसर क्लॉक सिग्नलच्या ड्राइव्ह स्ट्रेंग्थने भरून काढली. ऑटोमध्ये चारही कॅड बस मूल्ये (क्लॉक, ॲड्रेस, कमांड वगैरे सिग्नल किती जोराने पाठवायचे ते आकडे) २४ ओमवर होती. यांतील आकडा जितका मोठा तितका प्रोसेसरचा जोर कमी, हे ध्यानात ठेवावे, कारण अनेक जण ते उलटे धरतात. माझा तर्क असा होता की थंडीत चिपमधले ट्रान्झिस्टर अधिक चपळ होतात, सिग्नलच्या कडा अधिक तीव्र होतात, आणि म्हणून उलटे फिरणारे तरंगही वाढतात. तेव्हा क्लॉकचा जोर थोडा कमी करून पाहावा. क्लॉक ड्राइव्ह ४० वर नेले, बाकीची तीन मूल्ये २४ वरच ठेवली, आरटीटी-नॉम बंद, आरटीटी-राइट आरझेडक्यू/३ आणि आरटीटी-पार्क आरझेडक्यू/१ असे हाताने लिहून टाकले. दुसऱ्या सकाळी लाल दिवा क्षणभर चमकला आणि विझला, आणि पडद्यावर बोर्डाचा लोगो आला.

हे सर्व आकडे तुमच्या बोर्डावर जसेच्या तसे चालतील असे समजू नये. बोर्डावरची तारांची मांडणी बदलली की हे रोधही बदलतात. मात्र ‘ऑटो’वर सोडून दिलेले रोध प्रत्येक बायोस आवृत्तीत तेच राहतील याची खात्री नसते, म्हणून एकदा चालणारे आकडे सापडले की ते हाताने लिहावेत आणि बायोस अपडेट करण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवावेत, एवढे मी नक्की सुचवेन.

बूट पक्का झाल्यावर टायमिंग पुन्हा आवळायला घेतले. सध्या टीसीएल १६, टीआरसीडी-रीड १९, टीआरपी १६, टीआरएएस ३६ आणि ड्रॅम व्होल्टेज १.३८ असा मामला आहे. मायक्रॉनच्या ई-डाय या आमच्या स्टिकमधल्या चिपला टीआरसीडी-रीड व्होल्टेज वाढवूनही खाली येत नाही, त्यामुळे १८ च्या मागे लागून वेळ घालवू नये. टीआरएफसी (रॅमच्या रिफ्रेशला दिलेला वेळ) ६३० वरून ५४० वर आणला, म्हणजे ३५० नॅनोसेकंदांवरून ३०० वर. एआयडीए६४ या चाचणीत लेटन्सी (रॅमकडून उत्तर यायला लागणारा वेळ) ६८ नॅनोसेकंदांच्या घरात आली आहे. एक्सएमपीवर (स्टिकमध्ये आधीच लिहिलेल्या सेटिंगवर) ती ७६ च्या आसपास होती. लिहिण्याचा वेग वाचण्याच्या साधारण निम्मा दिसतो, त्याने कोणी घाबरू नये. रायझन ३६०० मध्ये कोअरची एकच चिपलेट (चिपचा तुकडा) असल्यामुळे १८०० च्या एफसीएलकेला तो २८.८ जीबी प्रतिसेकंदाच्या पुढे जातच नाही. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सरासरी फ्रेम्सपेक्षा खालच्या एक टक्का फ्रेम्समध्ये सुधारणा अधिक जाणवते, आणि खेळताना हाताला कळतो तो फरक तोच.

रॅम कोठून मिळवली अशी विचारणा झाली होती म्हणून सांगतो. बॅलिस्टिक्सची मालिका बंद करत असल्याचे मायक्रॉनने २०२२ मध्ये जाहीर केले, त्यामुळे आता ती जुन्या बाजारातच शोधावी लागते. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठून मी लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एका दुकानदाराने लेबल दाखवायला आढेवेढे घेतले आणि म्हणाला, ‘‘साहेब, रॅम म्हणजे रॅम, आतली चिप कोण बघतं?’’ त्याला नमस्कार करून पुढे गेलो. दुसऱ्याने स्टिक हातात दिली, लेबलावरच्या नंबराच्या शेवटी ‘एम८एफई’ (ई-डायची खूण) दिसले, आणि सौदा तिथेच झाला. लेबल पाहू देत नाही त्याच्याकडून रॅम घेऊ नये. चिपची जात सांगणाऱ्या थायफून बर्नर या प्रोग्रामवर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण तो कधीकधी अंदाजच सांगतो.

प्रोसेसरच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. ३६०० चा कमाल बूस्टच ४.२ गिगाहर्ट्झ आहे, त्यामुळे सर्व कोअर ४.२ वर कायम ठेवले तरी एका कोअरच्या वेगाचे नुकसान होत नाही. मला ते १.२८७५ व्होल्टला मिळाले. खेळांत त्याचा फायदा नाममात्र आहे, आणि या प्रोसेसरवर वेळ खर्च करायचाच असेल तर तो मेमरीवर करावा, हे माझे मत आता अधिकच पक्के झाले आहे. बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक नाही, म्हणून ॲल्युमिनियमचे छोटे तुकडे थर्मल टेपने चिकटवले आणि मागचा पंखा त्यांच्यावरून हवा ओढेल असा ठेवला.

ग्राफिक्स कार्डाचे काम एका संध्याकाळीच उरकले. घेण्याआधी जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये २३०४ शेडर (कार्डातली गणन-एकके) पाहून घेतले, कारण २०४८ शेडरचे कार्डही ५८० म्हणूनच विकले जाते आणि त्याची जात ५७० ची असते. मायनिंगमधून आलेल्या कार्डावर बायोसचा छोटा स्विच असेल तर दोन्ही बाजूंनी बूट करून पाहावे. १३४० मेगाहर्ट्झ १.०५ व्होल्टला स्थिर आहे, आणि कार्डाचे पंखे आता शेजारच्या खोलीत ऐकू जात नाहीत.

पुढचा बेत मेमरी ३७३३ व एफसीएलके १८६६ चा होता. तो हे लिहिता लिहिताच मागे टाकतो आहे, कारण क्लॉक ड्राइव्हविषयी वर लिहीत असताना एक वेगळीच गोष्ट सुचली: गिअरडाउन मोड (रॅमला आज्ञा संथ गतीने देण्याची सवलत) बंद करून १टी (दर क्लॉकला एक आज्ञा) चालवताना ॲड्रेसकमांड सेटअप ५६ ठेवल्याने अनेकांना यश आले आहे, आणि तोही याच वाटेवरच्या सिग्नलचा प्रश्न आहे. ४० ओमच्या क्लॉक ड्राइव्हबरोबर तो जमला, तर विषम टीसीएलचाही मार्ग मोकळा होईल, कारण गिअरडाउन चालू असताना १५ लिहिले तरी ते १६ च होते. थंडी संपण्यापूर्वी हे उरकायला हवे, नाहीतर कोल्ड बूटची खरी परीक्षा पुढच्या डिसेंबरपर्यंत लांबणीवर पडेल. टीआरएफसी ५४० ची परीक्षा मात्र उलट मेमध्येच होईल, खोलीत पस्तिशी ओलांडलेली असताना आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर येत असताना. तेव्हा एरर आले तर प्रथम ५६० करून पाहीन, व्होल्टेज वाढवण्याचा विचार त्यानंतर. ज्यांच्याकडे ई-डाय आणि चार स्लॉटचा बी४५० असा जोड असेल, त्यांनी आपला प्रोसओडीटी आणि क्लॉक ड्राइव्ह सकाळच्या तापमानासह कळवावा. विशेषतः निफाडकडच्या मंडळींनी, कारण तिकडे पारा आमच्यापेक्षा बराच खाली जातो.