तांब्यावरून सुटलेला थर

पीएच.डी.साठी मी लिथियम-आयन बॅटरीचा हेमाटाइटचा ॲनोड, म्हणजे ऋण इलेक्ट्रोड, निवडला. हेमाटाइट म्हणजे फेरिक ऑक्साइड, गेरूला लाल रंग देणारं तेच. नेहमीच्या ॲनोडमधलं ग्राफाइट ग्रॅममागे फार तर 372 मिलिअँपिअर-तास साठवतं, हे 1007. शिवाय स्वस्त आणि बिनविषारी. 2000 साली फ्रान्समध्ये तारास्कों यांच्या गटाने दाखवलं होतं, की लिथियम अशा ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, धातूचे अतिसूक्ष्म कण मागे राहतात आणि ही क्रिया पुन्हा उलटवता येते. मला ती कल्पना तेव्हाही विलक्षण वाटली, आजही वाटते.

माझे पहिले कॉइन सेल, म्हणजे चाचणीसाठीच्या नाण्याच्या आकाराच्या बॅटऱ्या, चार्ज-डिस्चार्जच्या चाळीस फेऱ्यांत ग्रॅममागे दोनशे मिलिअँपिअर-तासांच्या खाली आले. कण मोठे असतील म्हणून दोन महिने ते बारीक करण्यात घालवले. झालं उलटंच. पृष्ठभाग वाढला, त्यावर इलेक्ट्रोलाइट (लिथियमचे आयन वाहून नेणारा द्रव) फुटून, म्हणजे विघटन होऊन, बसणारा थर वाढला, आणि पहिल्याच फेरीत जास्त लिथियम कायमचं अडकलं.

लॅबमधल्या एका सीनियर ताईने विचारलं, "मेलेला सेल उघडून बघितलास का?"

नव्हता बघितला. ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत, त्या जाड हातमोज्यांनी, पक्कड धरून झाकण काढलं. दोन इलेक्ट्रोडांमधला पातळ पडदा, सेपरेटर, उचलला तर सगळा काळा थर त्यालाच चिकटून वर आला. खाली, ज्यावर तो लेपला होता ती तांब्याची फॉइल लखलखीत, कोरी. ऑक्साइड लिथियम घेताना फुगतं, सोडताना आकसतं; या ओढाताणीत माझ्या पीव्हीडीएफ बाइंडरची (कण फॉइलला चिकटवून धरणाऱ्या पॉलिमरची) पकड सुटली होती. माल शाबूत होता, पण त्याच्यापर्यंत वीज पोचतच नव्हती.

मग बाइंडर म्हणून पाण्यात विरघळणारं सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) वापरलं. त्याचे कार्बोक्सिल गट ऑक्साइडच्या पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिल गटांना धरून ठेवतात. पहिले लेप मात्र उन्हातल्या तळ्याच्या गाळासारखे भेगाळले, कारण मी ते घाईने 80 अंशांवर वाळवले होते. रात्रभर तसेच ठेवून मगच व्हॅक्यूम ओव्हनमध्ये घातले, तेव्हा लेप एकसंध राहिला.

कणांवर कार्बनचा लेप देतानाही फसगत झाली. ग्लुकोज घालून आर्गॉनमध्ये तापवल्यावर पावडर काळी झाली. कार्बन असल्यावर काळी होणारच, म्हणून मी निर्धास्त. सहज बाटलीला चुंबक लावलं तर सगळी पावडर काचेला येऊन चिकटली! कार्बनने ऑक्सिजन काढून घेऊन हेमाटाइटचं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं काळं, चुंबकाला चिकटणारं ऑक्साइड, केलं होतं. एक्सआरडीनेही, म्हणजे स्फटिकरचना ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीनेही, तेच सांगितलं. तापमान उतरवून ती पायरी पुन्हा केली.

आता शंभर फेऱ्यांनंतर सातशेच्या आसपास टिकतं. पण अर्ध्या सेलमध्ये, म्हणजे समोर लिथियम धातू ठेवून केलेल्या चाचणीत, लिथियम आत जातं 0.8 व्होल्टजवळ आणि बाहेर येतं 1.6च्या पुढे. मधली ऊर्जा उष्णतेत जाते, आणि या साहित्याची खरी अडचण तीच आहे असं माझं मत झालंय. तिच्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. पहिल्या फेरीतली तूट तरी भरून निघावी म्हणून सध्या इलेक्ट्रोड आधीच इलेक्ट्रोलाइटने ओल्या लिथियमच्या पत्र्यावर दाबून ठेवतोय. काल दहा मिनिटं ठेवला होता, आज वीस.