किल्ला बघायला

शनिवार, रात्री सव्वाअकरा

घोडबंदरच्या कोंडीत दीड तास गेला, त्यामुळे पुण्याचा बेत सोडून ठाण्यातच मुक्काम. आत्या आत झोपली आहे. मला झोप येत नाही, तर आजचं लिहून ठेवतो.

आत्याला बडोद्याहून दोन महिन्यांसाठी घरी आणतोय. पहाटे सहाला निघालो. वलसाडच्या अलीकडे हायवेला उबाडियू, म्हणजे मडक्यात भाजलेल्या भाज्या, विकणाऱ्यांची मडकी दिसली, तिथे थांबून एक पुडकं बांधून घेतलं. वापीजवळ दमणची पाटी आली. ही पाटी मी वीसेक वर्षं बघतोय आणि दरवेळी तशीच मागे टाकलीय. मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "वळव रे. एकदा बघू तरी द्या, हे कुठे जायचे ते."

याला इतिहास आहे. काका दर डिसेंबरात ऑफिसातल्या तिघांबरोबर दमणला जायचे. का? तर किल्ला बघायला. गुजरातेत दारूबंदी आणि दमणला ती नाही, हे बडोद्याच्या पोराटोरांनाही ठाऊक. त्यामुळे "किल्ला" हा शब्द काढला की घरात सगळे खाली मान घालून हसायचे. काका मात्र परत आले की गंभीर चेहऱ्याने किल्ल्याचं वर्णन करायचे. दरवाजावर दोन दगडी राक्षस उभे आहेत, असं सांगायचे. त्यावर आत्या म्हणे, "तिसऱ्या ग्लासानंतर दिसले असतील."

वापी सोडून दमण कधी लागलं ते कळलंही नाही. रस्ता तोच, धूळ तीच. गाड्यांच्या पाट्यांवर जीजेच्या जागी डीडी दिसायला लागलं आणि दुकानांच्या पाट्यांवर बाटल्या. अख्खा दमण जिल्हा ७२ चौरस किलोमीटरचा. त्याच्या मानाने नाव बघा: दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव. २०२० च्या २६ जानेवारीला दोन केंद्रशासित प्रदेश एक केले, तेव्हा नावंही नुसती एकापुढे एक जोडली. एका नावात तीन 'आणि'. सरकारी फॉर्म भरणाऱ्यांची दया येते. हद्द संपली की गुजरात, पण हायकोर्ट मुंबईचं. दीव याच प्रदेशात, मात्र रस्त्याने जायचं तर खंभातच्या आखाताला पूर्ण वळसा. काका जायचे त्या काळात तर कारभार पणजीहून चालायचा. १९८७ ला गोवा वेगळं राज्य झालं तोवर दमण आणि दीव गोव्यालाच बांधलेले होते.

आधी नानी दमण लागतं. नानी म्हणजे धाकटी, पण बाजार, हॉटेलं, गर्दी सगळी इथेच. नदीपलीकडची मोटी दमण आकाराने लहान, पण किल्ल्यात सरकारी कचेऱ्या असल्याने मान तिचा. आत्या म्हणाली, "सासू-सुनेसारखं आहे." बारच्या पाट्या ती एकेक करून मोठ्याने वाचत होती, जणू त्यातल्या एखाद्यावर काकांचं नाव सापडेल.

दमणगंगेवरच्या पुलावर मात्र ती गप्प झाली. २००३ च्या ऑगस्टमध्ये इथला जुना पूल कोसळला होता, शाळेच्या मुलांना घेऊन. "आठवडाभर पेपर हातात घ्यायला नको वाटायचं," एवढंच म्हणाली. खाली मचवे चिखलात कलंडले होते. भरती अजून लांब होती.

मोटी दमणच्या किल्ल्यात शिरलो आणि आवाज बंद झाला. जाड तट, आतमध्ये झाडं, ओसाड दुपार, एखादी स्कूटर. पोर्तुगीजांनी दमण घेतलं १५५९ मध्ये. आतलं बॉम जेझूसचं चर्च १६०३ चं. त्याची लाकडी कोरीव वेदी बघताना आत्याने आपोआप चपला काढल्या. बोकाज नावाच्या पोर्तुगीज कवीचं घरही इथेच दाखवतात. त्याला १७८९ मध्ये लष्करी नोकरीवर इथे पाठवलं आणि थोड्याच दिवसांत तो पळून गेला. आज त्या सुनसान रस्त्यावर दोन वाजता उभं राहिल्यावर मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

तटाच्या सावलीत बसून मी आत्याला दमण आणि आपलं नातं सांगितलं. शाळेत आपल्याला वसईचा वेढा शिकवतात, त्यापुढे पोर्तुगीज जणू हवेत विरतात. प्रत्यक्षात १७७९ मध्ये पेशव्यांनी त्यांच्याशी तह केला आणि दमणच्या आतल्या बाजूच्या गावांतून वर्षाला १२,००० रुपयांचं उत्पन्न त्यांना लावून दिलं. त्यातून पुढे नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली. १९५४ मध्ये ती मुक्त झाली. त्या मुक्तिसंग्रामात आपले सुधीर फडके होते, हे आत्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. दमणहून तिकडे जायचा आमचा हक्क आहे म्हणत पोर्तुगाल थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तिथे पेशवे दरबारच्या सनदांचा कीस पाडला गेला. १९६० साली न्यायालय म्हणालं की मराठ्यांनी दिलं होतं ते सरंजाम म्हणून उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे. माणसांना आणि मालाला जाण्यायेण्याचा हक्क होता, पण सैन्याला आणि सशस्त्र पोलिसांना नव्हता. सरंजाम हा शब्द हेगच्या न्यायाधीशांनी कसा उच्चारला असेल याची मला फार उत्सुकता आहे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, दमणवर चालून गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. १९ तारखेला पोर्तुगीजांनी शस्त्रं खाली ठेवली.

"हे मला यांनी सांगितलं होतं," आत्या मध्येच म्हणाली. "मराठा पलटणीचं. मला वाटलं, तेही ठोकून दिलंय."

जंपोरच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत उबाडियू सोडलं. रताळी, कोनफळ, पापडी, सगळं अजून कोमट आणि धुराच्या वासाचं. समुद्र दिसायलाच तयार नव्हता. ओहोटीने तो इतका आत गेला होता की समोर नुसता काळा ओला चिखल चमकत होता. गोव्याचा किनारा डोक्यात ठेवून येणाऱ्यांचा इथे विरस होत असणार. मला आवडला. आत्याचं मत: "पैसे परत मागावेत असा समुद्र आहे."

परतताना नानी दमणच्या किल्ल्यापाशी थांबलो. हा सेंट जेरोमचा किल्ला, अगदी नदीकाठी. आत्याचे गुडघे आता बोलायला लागले होते, म्हणून म्हटलं, तू गाडीतच बस, मी फोटो काढून आणतो. ऐकली नाही. माझा दंड धरून दरवाजासमोर आली.

वर कोनाड्यात संत जेरोमचा पुतळा. आणि दरवाजाच्या दोन्ही बाजूंना दोन अवाढव्य दगडी माणसं.

राक्षस म्हणायचे की पहारेकरी, ते मला ठरवता आलं नाही. आत्या बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी होती. मग पदराने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मला वाटलं आता डोळ्यांत पाणी येईल. मी खिशात रुमालही चाचपला. ती म्हणाली, "म्हणजे आले होते खरंच इथपर्यंत." जरा थांबून, "हा काही फार लांब नाही हं बाजारापासून."

फोटो काढायला लावला. दोन्ही राक्षस आले पाहिजेत, अशी अट. त्यासाठी मी मागे मागे सरकत जवळजवळ रस्त्यावर गेलो.

साडेतीनला निघालो. हद्दीवरच्या नाक्यावर गुजरात पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. डिकी उघडली: आत्याची बॅग, लोणच्याची बरणी, खाखऱ्याचे दोन डबे. बंद केली. मग एकाने खिडकीशी वाकून आत्याला विचारलं, "बा, दमण शुं करवा गया'ता?"

"किल्लो जोवा," आत्या म्हणाली.

तो गालात हसला आणि त्याने डिकी पुन्हा उघडायला लावली.